लाल रेघेखालचं नाव

प्रेमिलाच्या नावावर तीनदा लाल रेघ ओढलेली होती, आणि तिन्ही वेळा ते नाव खाली पुन्हा लिहिलेलं होतं.

"हे माझंच पान आहे ना?" तिनं विचारलं.

"तुझंच. प्रेमिला देवराव गजभिये," रुपराव म्हणाले. ते शाळेचे कारकून. तिला पहिलीत दाखल करून घेतलं तेही त्यांनीच.

जूनची दुपार होती. शाळेला सुट्टी. वाळ्याच्या ताटीतून हिरवट उजेड आत झिरपत होता. बाहेर निंबाखाली कुठलीशी गाय झोपली होती, आणि सगळी वस्तीच तिच्यासोबत झोपल्यासारखी वाटत होती. प्रेमिलाला फक्त जन्मतारखेचा उतारा हवा होता. एक तारखेला ती खापरखेड्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू होणार होती.

"ही खाडाखोड कसली?"

"खाडाखोड नाही वं पोरी. आमच्या जुन्या हेडमास्तरायचा कायदा होता. रबर नाही, ब्लेड नाही. नोंद बदलली तर एकच रेघ माराची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. अन् बाजूले तारीख, कारण, सांगणाऱ्याची सही."

सगळ्यात वरचा बदल तिला ठाऊक होता. जानेवारी १९५७. जुनी जात काटून वर 'बौद्ध' लिहिलं होतं. शेजारी बाबांची ठसठशीत सही. ती गोष्ट बाबा दरवर्षी सांगत.

त्याखाली ऑगस्ट १९५८. 'घरकामासाठी नाव कमी.' सही तीच, ठसठशीत. दोन दिवसांनी, 'पुन्हा दाखल.' तिथं अंगठा होता.

जुलै १९६१. 'कामावर जाणार, नाव कमी.' बाबांची सही. दुसऱ्याच दिवशी, 'पुन्हा दाखल.' पुन्हा अंगठा.

"हा अंगठा कोणाचा?"

"तुझ्या मायचा. प्रयागबाईचा."

प्रेमिला त्या अंगठ्यावर वाकली. मायनं तिच्या शाळेबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता. बक्षीस समारंभाला पांढरा सदरा घालून यायचे ते बाबा. माय आलीच नाही कधी. अभ्यासाला बसलं की कंदील पुढं सरकवायची आणि पाठ फिरवून निजायची.

तिनं बोट खाली सरकवलं. फेब्रुवारी १९६३. 'लग्न ठरल्यामुळे नाव कमी.' बाबांची सही. चार दिवसांनी, 'लग्न मोडले. पुन्हा दाखल.'

"लग्न? कोणाचं लग्न?"

"तुझंच," रुपराव हळूच म्हणाले. "सातवीत होती तू. तुले ठाऊक नाही?"

तिला ठाऊक नव्हतं. पण तो फेब्रुवारी तिला आठवत होता. मायनं पहाटे अचानक उठवलं होतं. दोघी बसनं काटोलला गेल्या. जिजाबाई मावशी तिथं एका संत्र्याच्या बागेत राखणीला होती. सगळी बाग बहरली होती. वास इतका दाट की भर दुपारी डोळे मिटत. ती झाडाखाली निजायची आणि उठायची तेव्हा केसांत पांढरी फुलं असायची. तिच्या आयुष्यातली ती एकुलती एक सहल. माय मात्र बांधावर बसून दिवसभर रस्त्याकडं पाहत होती. तिला हे हिरवं सुख आवडत नाही, असं तेव्हा प्रेमिलाला वाटलं होतं.

"इथं अंगठा नाही," ती म्हणाली.

खरंच नव्हता. वेडीवाकडी, एकेक अक्षर सुटं करून लिहिलेली सही होती. प्रयागबाई. माय निरक्षर आहे, असंच घरातले सगळे आजवर समजत होते.

"मी शाईचा पॅड पुढं केला, तर म्हणे, नाही. अंगठा कोणाचाबी म्हणतीन. मंग लिहिलं तिनं. चांगली पाच मिनिटं लागली."

रुपरावांनी उतारा करून दिला. त्यात फक्त जन्मतारीख होती.

प्रेमिला घरी आली तेव्हा ओसरीवर बाबा शेजारच्या चंपतरावांशी बोलत होते. धाकटी शामला दाराशी बसून भूमितीचं प्रमेय घोकत होती. ती आता नववीत होती.

"पोरीले शिकवाचं म्हणजे शिकवाचं, हे मी आधीच ठरवलं होतं," बाबा सांगत होते. "लोक हासले. काय काय बोलले. पण मी तिचं नाव शाळेतून काढू देलं नाही, चंपतराव."

प्रेमिला तशीच स्वयंपाकघरात गेली. माय चुलीपुढं भाकर थापत होती.

"माय, मी रजिस्टर पाहिलं. तुझी सही पाहिली."

मायनं भाकर तव्यावर टाकली.

"काटोलले मले लपवाले नेलं होतं, तेबी कळलं," प्रेमिला म्हणाली. "अन् ते बाहेर सांगून राहिले की त्यायनंच सारं केलं. आता मी त्यायले सांगतो, चंपतरावासमोर सांगतो."

ती वळली. मायनं पिठाच्या हातानं तिचं मनगट धरलं.

"बस खाली. ते खोटं नाही बोलून राहिले. त्यायले आता खरंच तसं आठवते."

"काहून आठवते तसं? तू काहून बोलली नाही कधी?"

बाहेर शामलानं प्रमेय पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मायनं क्षणभर तिकडं कान दिला.

"मीच त्यायले तसं आठवू देलं वं," ती म्हणाली. "म्हणून तर शामलाचं नाव त्यायनं एकदाबी काटलं नाही."