कच्ची कलेजी

"थुंकलास? याच केकसाठी लोळण घ्यायचास तू," आई भडकली.

"सहा महिने टुंड्रात बाबांबरोबर नुसतं मांस खातोय. साखरेनं मळमळतं आता," मीही आवाज चढवला. "माझ्या शाळेसाठी गावात राहिलीस ना? शाळा तर सोडली मी. चल ना तंबूवर."

मी रेनडिअरची कच्ची कलेजी तिच्यापुढे ठेवली. ही साखरेहून गोड लागते, असं तीच सांगायची. तिनं एक काप बराच वेळ चघळला, मग उठून तवा तापत ठेवला.

"मला हल्ली भाजूनच जमतं रे," ती म्हणाली.

बाहेर बाबांनी घसरगाडीत तिच्या जागेवर नवं कातडं अंथरलंय. मला एकट्यालाच निघायला हवं.