घड्याळवाली

इंग्रजी बोलायला यावं म्हणून बाईंनी चौघीचौघींचे गट पाडले. गटातली कामं दर आठवड्याला बदलायची, असा नियम होता. पण एका गटात बोलायचं काम कायम डॉक्टरांच्या लेकीकडे आणि वेळ मोजायचं घड्याळ कायम शिंप्याच्या लेकीकडे. "तू बोललीस तर आपले मार्क जातील," असं सांगून तिघींनी तिला वर्षभर गप्प बसवलेलं. आज तपासणीला साहेब आले. डॉक्टरांची लेक ऐटीत उठून म्हणाली, "इन अवर ग्रुप एव्हरीबडी स्पीक्स." ते ऐकून शिंप्याच्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं घड्याळ बाकावर आपटलं. "लायर! टाइम ओव्हर! सिट!" डॉक्टरांची लेक फिसकारली, "टाइम 'इज' ओव्हर, मठ्ठ कुठली!" शिंप्याच्या लेकीनं घड्याळ तिच्या हातात कोंबलं आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "नाऊ शी वॉच. आय टॉक."