मजकूर ज्याचा त्याने आणायचा

“आधी आदिनाथचं लिही, मग तुझं. दोन्हीवर एकदमच सही करतो,” प्राचार्य सुंदरराव म्हणाले आणि दोन कोरी लेटरहेडं त्यांनी करिष्मापुढे सरकवली.

करिष्माला नवल वाटलं नाही. त्या कॉलेजची रीतच तशी होती. शिफारसपत्र हवं असेल तर मजकूर ज्याचा त्याने लिहून आणायचा, सरांनी खाली सही ठोकायची. सर कुणाबद्दल स्वतः दोन ओळी लिहितील अशी अपेक्षा कुणी ठेवत नसे, आणि सरांनाही ती सवय कुणी लावली नव्हती.

कॉलेज संपल्यापासून करिष्मा दिंद्रुडच्या एका सेवा केंद्रात बसून लोकांचे अर्ज भरत होती. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनकार्डातलं चुकलेलं नाव. तिला त्या कामाचा वीट आला होता. तिचा जीव होता हंगामी वसतिगृहात. आईबाप ऊस तोडायला गेले की मागे राहणारी पोरं तिथे राहत. लहानपणी तीही अशीच मागे राहिलेली. केंद्र बंद झालं की ती तिकडे जाई आणि पोरांना वाचायला शिकवी. त्याबद्दल तिला कुणी काही देत नव्हतं, तिने मागितलंही नव्हतं. आता संभाजीनगरच्या एका संस्थेला नेमक्या याच कामासाठी पगारी माणसं हवी होती. अट एकच, आपल्या प्राचार्यांचं शिफारसपत्र. गावभरचे अर्ज भरणाऱ्या करिष्माला तो स्वतःचा अर्ज भरताना आपलं नाव कुठे लिहायचं तेच क्षणभर सुचेना, इतकं तिला ते काम हवं होतं.

आदिनाथ हा सरांचा भाचा. कॉलेजच्या हजेरीपटावर तो होता, वर्गात मात्र कुणी त्याला पाहिलं नव्हतं. पुढे पुण्यात राहून त्याने स्पर्धा परीक्षा देऊन पाहिल्या, त्यात काही जमलं नाही, आणि आता त्यालाही समाजसेवा सुचली होती. याच संस्थेत. तिथं जागा लई हायेत, दोघंबी लागताल, असं सर म्हणाले. तिने विश्वास ठेवला.

त्याच्याबद्दल काय लिहू, असं तिने विचारलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहूनही त्यांना काही आठवलं नाही.

“तू जातीस न्हवं त्या पोरांकडं? तसलंच कायतरी घाल.”

आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून तिने घातलं. दुसऱ्याचं लिहायचं म्हटलं की तिचा हात कधी अडत नसे. शाळेला जायचं नाव काढलं की रडणारी पोरं कशी हळूहळू पुस्तकाला चिकटली, हे तिने लिहिलं. उसाच्या फडात असलेल्या आईला रोज फोनवरून एक धडा वाचून दाखवायचा, ही युक्तीही लिहिली. आई ऐकतेय म्हटल्यावर पोरं चुकायला तयार नसायची. लिहिता लिहिता तिलाच भरून आलं. मग तिने स्वतःचं पत्र लिहायला घेतलं आणि त्यातही हेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? तिने केलं होतं ते हेच.

सरांनी आदिनाथच्या पत्रावर झोकात सही केली. करिष्माचं पत्र वाचता वाचता मात्र ते थांबले आणि त्यांनी मधला सगळा भाग आडव्या रेघा मारून खोडला.

“येड्यावाणी करू नको. दोघांनीबी एकच काम केलं म्हणून मी कसं लिहून देऊ? तपासणारे काय आंधळे हायेत?”

मग त्याच्यातलं काढा, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि पेन सरांच्या हातात होतं. ती गप्प बसली. अशा गप्प बसण्याला आपल्याकडे समजूतदारपणा म्हणतात, आणि करिष्मा लहानपणापासून फार समजूतदार म्हणून ओळखली जायची. तिने चार गुळमुळीत ओळी टाइप करून आणल्या, कुणाच्याही नावावर खपतील अशा. सरांनी त्यावर सही केली. वर चहाही पाजला.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होती. मधल्या बाई बोलायला फार चांगल्या. त्यांनी करिष्माला पाणी दिलं, बसने आलात का विचारलं, मग तिचं पत्र पुढे ओढलं. तुमच्याच कॉलेजचा एक मुलगा सकाळी येऊन गेला, त्या कौतुकाने सांगू लागल्या. वसतिगृहातली मुलं फडावरच्या आईला फोनवर धडा वाचून दाखवतात, ही त्याची कल्पना. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. तुम्ही काय केलंत?

या वेळी करिष्माने समजूतदारपणा बाजूला ठेवला.

“मॅडम, ती पोरं मी शिकवलीत. ते पत्रबी मीच लिहिलंय.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कडेच्या गृहस्थांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि सह्या ताडून पाहिल्या. सह्या अस्सल होत्या. गावात कुणालाही विचारा, असं ती म्हणाली. आम्हाला कॉलेजने लिहून दिलेलंच धरावं लागतं, असं ते म्हणाले. ती रडली नाही, पण तिचा आवाज फुटला आणि त्यामुळे ती आणखीच खोटी वाटू लागली.

बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. उलट त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

“मुलगी अतिशय प्रामाणिक आहे, असं लिहिलंय तुमच्या सरांनी. निदान त्यांना तरी खोटं पाडू नका.”