चौकशी समाप्त

श्रीपाद आगटेंनी फाइल बाजूला सारली आणि भाषणाचा कागद पुढे ओढला. संध्याकाळी मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना ‘न्याय’ या विषयावर बोलायचं होतं. लखनौत एवढं शुद्ध मराठी बोलणारा दुसरा सरकारी अधिकारी नाही, असं मंडळाचं मत होतं आणि आगटेंचंही. ‘या शब्दाचं मूळ काही जण ‘नी’ धातूत शोधतात. नी म्हणजे नेणं. जो माणसाला अर्ध्या वाटेत न सोडता मुक्कामाला पोचवतो, तो न्याय.’ वाक्य झकास जमलं होतं.

तेवढ्यात चपराशी फूलमतीला आत घेऊन आला. ती गोदामातल्या रामसजीवनची बायको. तांब्याची तार चोरल्याच्या आरोपावरून रामसजीवन अकरा महिने निलंबित होता आणि चौकशी आगटेंकडे होती. गेल्या महिन्यात तो काविळीने गेला.

आगटेंनी तिला बसवलं, हळहळले, आणि समजावून सांगितलं. कर्मचारी वारला की नियमाप्रमाणे चौकशी बंद होते. पेन्शन सुरू होईल, काळजी करू नका.

“ऊ तो दफ्तर के बाबूजी बता दिए,” ती म्हणाली. “साहब, हमरे आदमी चोरी किए थे कि नहीं?”

आगटेंनी पुन्हा नियम सांगितला.

“मोहल्ले में सब हमको चोर की औरत कहते हैं. किए थे तो वही लिख दीजिए. मगर लिख दीजिए.”

आगटेंनी ड्रॉवरकडे पाहिलं. रामसजीवन निर्दोष असल्याचा अहवाल त्यात पडून होता. फेब्रुवारी ९६मध्ये त्यांनी तो स्वतः टाइप केला होता. तार कुणी नेली तेही त्यात होतं, आणि तो माणूस आगटेंचा वरिष्ठ होता. फक्त सही राहिली होती. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता भाद्रपद आला. रामसजीवन गेल्याचं कळलं तेव्हा आपल्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे आठवून त्यांना स्वतःची शरम वाटली.

“अब कुछ नहीं लिख सकते,” ते म्हणाले.

ती उठली आणि बस अड्ड्याकडे जायचा रस्ता कोणता, असं विचारू लागली. ती इथे एकटी कधी आली नव्हती.

आगटेंनी घंटी वाजवून चपराशाला बोलावलं.

“इन्हें आलमबाग बस अड्डे ले जाओ,” त्यांनी बजावलं. “बस में बैठाकर ही लौटना. बीच रास्ते में मत छोड़ना.”