पत्र्यामागचा हात

डेंटरनं जुन्या पिकअपच्या बाजूची चंदेरी पट्टी हळूच उचकटून काढली. पट्टीखालचा पोचा आता नीट दिसला. वीस वर्षं असे पोचे त्यानं आणि बायकोनं मिळून काढले होते. तो बाहेरून हातोडी मारायचा आणि बायको मागच्या हौद्यात बसून पत्र्याला आतून लोखंडी ठोकळा लावून धरायची. एक जागा सपाट झाली की तो दोनदा टकटक करायचा. म्हणजे, इथलं झालं, पुढे सरक.

ती जाऊन चार महिने झाले होते.

“काका, ठोकळा धरू का?” शेजारच्या वेल्डरनं विचारलं.

“नको रे बाबा. तू धरलास की एका पोच्याचे चार होतात.”

वेल्डर हसत जेवायला गेला. डेंटरनं हातोडी उचलली आणि सवयीनं विचारलं, “धरलास का गं?” लगेच त्यानं जीभ चावली आणि घाव घातला.

मागे आधार नसला की पत्रा भद्द वाजतो. हा ठण्ण वाजला.

ठोकळा तर समोरच्या फळीवर होता.

त्यानं हौद्यात डोकावून पाहिलं नाही. पाहिलं आणि आवाज थांबला तर? तो नुसता मारत राहिला, आणि प्रत्येक घाव ठण्ण वाजत राहिला. शेवटी त्यानं तळहात फिरवला. पोचा पार निघाला होता.

आता दोनदा टकटक करायची होती. त्याला ती करवेना. त्यानं हातोडी उगारली आणि बाजूच्या चांगल्या पत्र्यावर घालून नवा पोचा पाडला.

“अजून एक राहिलाय गं,” तो रडत म्हणाला.

आतून दोनदा टकटक झाली.