कार्निटिन कमी

"बाळाला उपाशी ठेवायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झोपलं असलं तरी उठवून पाजायचं."

निशिगंधाने मान हलवली. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तात कार्निटिन फार कमी आलं होतं. ते म्हणजे काय, असं तिच्या नवऱ्याने, अमोलने, विचारलं.

"चरबीपासून ताकद मिळायला ते लागतं. पेशीच्या आवरणावर एक वाहक असतो, तो ते रक्तातून आत ओढून घेतो. त्या वाहकाचा जीन बिघडला तर कार्निटिन लघवीतून निघून जातं. अशा माणसाला उपास घडला, तर हृदय अचानक बंद पडू शकतं."

तिघांचंही रक्त पुढच्या तपासणीला गेलं. तोवर बाळाला औषध सुरू झालं.

सिल्व्हर पार्कच्या घरात निशिगंधाला दुसरं काही सुचेना. बाळाला उठवायचं, पाजायचं. ते झोपलं की त्याच्या छातीवर तळवा ठेवून बसायचं. समोरचं ताट तसंच राही.

"दोन घास खा गो," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतीण ना तू?"

"भूक नाही, आई. आणि आज सोमवार. याच्यासाठी धरलेत मी."

"अंगात त्राण नाही नि उपास कसले करतेस?"

"मी लहानपणापासून अशीच. शाळेत जिना चढले तरी बसायला लागायचं. सगळे आळशी म्हणायचे." ती जरा हसली. "सवय आहे मला."

अमोल हाटकेश भागातल्या कारखान्यातून लवकर घरी येऊ लागला. एकदा बाळाचे लंगोट वाळत घालताना त्याने विचारलं, "माझ्याकडून आलं असेल का गं हे?"

"कोणाकडून आलं ते विचारून आता काय करायचंय?"

रिपोर्ट आले, तशी डॉक्टरबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. आधी त्यांनी बाळाला हातात घेतलं.

"याच्या जीनच्या दोन प्रतींपैकी एक चांगली आहे. तेवढी पुरते. याला आजार नाही. औषध बंद करा."

अमोलने डोळे पुसले. निशिगंधाने उठून हात पुढे केले, पण डॉक्टरबाईंनी बाळ अमोलकडे दिलं.

"मग पहिल्या रक्तात कमी का आलं?" त्याने विचारलं.

"पोटात असताना बाळाला कार्निटिन आईकडूनच मिळतं." त्यांनी निशिगंधाला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "तिच्याकडेच नव्हतं. आजार हिला आहे."