कॅनडाची सही

यंत्र नुकतंच बर्फावर पाणी ओढून गेलं होतं आणि सगळा रिंक काचेसारखा झाला होता. वर धुकं तरंगत होतं. शाल, स्वेटर, पायात मोजे अशा थाटात कुमुद बाकावर बसली होती. शुक्रवारची दुपार. बाहेर दुबई करपत होती आणि इथे तिला हुडहुडी. पोरानं क्रिकेट धरलं असतं तर निदान आईला घाम तरी आला असता.

रणजित शेजारी येऊन बसला, पण पायातले स्केट्स काढेना. कुमुदच्या नवऱ्यानं, चंद्रहासनं, त्याच्या मांडीवर करारपत्र ठेवलं, वर पेन.

"बाळा, आज फॅक्स करायचाय. हत्तीवरून साखर वाटायची वेळ आणि तू तोंड पाडून बसलायस!"

मागच्या उन्हाळ्यात रणजित कॅनडाला आइस हॉकीच्या शिबिराला गेला होता. तिथल्या एका क्लबनं त्याला हेरलं आणि यंदाच्या निवडीत त्याचं नाव घेतलं. बापाची सही झाली होती. राहिली होती त्याची.

"क्लब बरा नाही का रे?" कुमुदनं विचारलं.

"बेस्ट आहे, आई."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

रणजित धुक्याकडे बघत राहिला. "सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की माझा इथला व्हिसा खलास. सीझन आठ महिन्यांचा आहे."

"हात्तिच्या!" चंद्रहास म्हणाला. "व्हिजिट व्हिसा काढू की."

"घरी यायला? व्हिजिट?"

"घर आपलं साताऱ्याला आहे."

"ते तुमचं, बाबा. तिथे गेलो की काकू पहिल्याच दिवशी विचारते, परत कधी?"

चंद्रहासनं कुमुदकडे पाहिलं. तू तरी काही बोल, अशा नजरेनं. पुढच्या वर्षी परत जायचंच आहे, असं म्हणत म्हणत या दोघांनी वीस वर्षांत धड कपाटसुद्धा घेतलं नव्हतं. आणि त्या न घेतलेल्या सामानाच्या मधोमध हा सहा फूट वाढला होता. तिला वाटलं, धुक्यात आपलं बाक हळूच सरकतंय. कुठे, ते कळत नाहीय.

"नको वाटत असेल तर नको करूस सही," ती म्हणाली.

"आय वॉन्ट टू प्ले, आई." त्यानं पेन बाजूला ठेवलं. "दॅट्स द प्रॉब्लेम."

मग त्यानं वाकून नाड्या सोडल्या, कागद घडी करून खिशात घातला. "सही घरी करतो. चालत जाऊ या."

"या उन्हात?" चंद्रहास गाडीची किल्ली हातात धरून तसाच उभा. "डोकं फिरलंय का तुझं?"

"यल्ला, चल आई."

दारातून बाहेर पाऊल टाकताच तिचा चष्मा धुरकटला. पदरानं पुसून तिनं पाहिलं तर रणजित पुढे निघालाही होता, स्केट्स खांद्यावर टाकून. रोज निगुतीनं पुसायची पाती आज त्यानं तशीच ठेवली होती. वाण्याचं दुकान, इस्त्रीवाला, शिंप्याची पाटी, सगळीकडे बघत तो सावकाश चालला होता. पात्यांना चिकटलेला बर्फ वितळून पावलागणिक टपटपत होता.

थेंबांचा माग दिसेल म्हणून कुमुदनं वळून पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती.